पुण्यातली जुनी उपासना आणि १९६९ ची परवानगी

क्वार्टर गेटजवळचं सिटी चर्च १७९२ चं. पेशव्यांच्या फौजेतल्या ख्रिस्ती शिपायांसाठी ही जागा पेशव्यांनीच दिली होती. पुढे कॅम्पात आयरिश सैनिकांसाठी १८५० मध्ये दुसरं मोठं चर्च उभं राहिलं आणि १८८६ मध्ये पुणे स्वतंत्र धर्मप्रांत झालं.

या सगळ्या काळात मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची मुख्य उपासना, लॅटिनमध्ये होत असे आणि धर्मगुरू वेदीकडे तोंड करून ती अर्पण करीत. लोक मागे गुडघ्यांवर जपमाळ म्हणत. ते मुके प्रेक्षक होते असं आज सर्रास म्हटलं जातं, ते मला मान्य नाही. कम्युनियन, म्हणजे मिस्सेतली पवित्र भाकर, घ्यायचं तर मध्यरात्रीपासून पाण्याचा थेंबही चालत नसे. पाण्याची सूट १९५३ ची, तीन तासांचा उपवास १९५७ चा, एका तासाचा १९६४ चा. एवढं पाळणारा माणूस उपासनेबाहेर कसा? शिवाय क्रुसाची वाट (ख्रिस्ताच्या दुःखसहनाचं चिंतन), नोव्हेना (नऊ दिवसांची प्रार्थना), ऑक्टोबरातली रोझरी (जपमाळ) या भक्ती लोकांच्या स्वतःच्या भाषेत चालत.

डिसेंबर १९६३ मध्ये रोममधल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या बिशपांच्या सभेने, लोकभाषांना वाट करून दिली. मराठी मिस्सा आली आणि ती लोकांनी आपलीशी केली. खरा वाद पेटला तो २५ एप्रिल १९६९ ला रोमने भारतासाठी मान्य केलेल्या, मिस्सेत भारतीय रीती आणणाऱ्या बारा मुद्द्यांवरून. त्यांतले काही असे: पादत्राणं काढून जमिनीवर बसणं, गुडघा टेकण्याऐवजी हात जोडून लवणं, पंचांग प्रणाम, मेणबत्तीच्या जागी समई, धर्मगुरूंच्या अंगावर शाल, अर्पणाच्या वेळी फुलं, धूप आणि दिव्यांची आरती. मूळ कागदानुसार ही सक्ती नव्हतीच. यातलं काय घ्यायचं, कुठे आणि कधी, हे बिशपांवर सोडलं होतं. पण वेदीपासून बाकांपर्यंत पोचेपर्यंत परवानगीचा हुकूम झाला. सगळा गुंता तिथेच आहे.

पुण्याला हा वाद टाळता येण्यासारखा नव्हता. १९५५ मध्ये श्रीलंकेतल्या कँडीहून नगर रस्त्यावर आलेल्या गुरुविद्यालयात देशभरातले भावी धर्मगुरू घडत होते. नगर-श्रीरामपूरकडून आलेल्या मराठी कुटुंबांना टाळ-भजन घरचंच. गोव्याच्या आणि तमिळ कुटुंबांना गुडघे टेकण्यातला आदर सोडवत नव्हता. दलित ख्रिस्ती घरांचा आक्षेप सर्वांत जड होता: ज्या देवळांत आमच्या पूर्वजांना पाऊल टाकू दिलं नाही, तिथल्या रीती आमच्या वेदीवर कशाला? या प्रश्नाला तेव्हा पुरेसं उत्तर मिळालं नाही. आरतीत वावगं काही नाही, हे मीही मानतो. पण ती ज्यांनी करायची त्यांना आधी विचारायला, समजावायला हवं होतं.

पुढे जुन्या लॅटिन मिस्सेला २००७ मध्ये रोमने बरीच मोकळीक दिली आणि जुलै २०२१ मध्ये ती पुन्हा आवळली. आता त्यासाठी बिशपांची परवानगी लागते आणि ती मिस्सा पॅरिशच्या, म्हणजे स्थानिक धर्मग्रामाच्या, चर्चमध्ये ठेवू नये असा नियम आहे. रोझरी, नोव्हेना आणि क्रुसाची वाट यांना यातला कोणताच नियम लागू नाही.