वळवाच्या पहिल्या पावसानंतरचे भुंगेरे

मेअखेरीस किंवा जूनच्या सुरुवातीला वळवाचा दमदार पाऊस पडून गेला, की दिवेलागणीला ओसरीवरच्या बल्बभोवती तपकिरी भुंगेऱ्यांची झुंबड उडते. भिंतीवर आपटतात, ताटात पडतात, केसांत अडकतात. सांगली-सोलापूरच्या ऊसपट्ट्यात हे दृश्य दरवर्षीचं. हे भुंगेरे म्हणजे हुमणीचे प्रौढ. ऊस आणि भुईमुगाची मुळं कुरतडणारी ती पांढरी, वाकडी अळी यांचीच.

एका रात्रीत ते जन्मत नाहीत. पावसाळाभर मुळांवर पोसलेली अळी पुढे जमिनीत खोल जाऊन कोषात जाते. कोषातून निघालेला भुंगेरा उन्हाळाभर मातीतच दबा धरून बसतो. पावसानं माती ओली आणि मऊ झाली, की सगळे एकदम वर येतात. एकदम येण्यात त्यांचा फायदा आहे. जोडीदार लगेच सापडतो, आणि पिंगळे, बेडूक, वटवाघळं कितीही तुटून पडली तरी बरेच वाचतात.

खरं तर ते निघालेले असतात कडुनिंबाकडे आणि बाभळीकडे. तिथं ते मीलन करतात, रात्रभर पाला खातात आणि उजाडण्याआधी पुन्हा मातीत शिरतात. दिवा मधेच आडवा येतो. उडताना आपली पाठ उजेडाकडे ठेवायची, ही अनेक कीटकांची सवय. लाखो वर्षं रात्रीचा उजेड आकाशातूनच यायचा, त्यामुळे वर-खाली बरोबर कळायचं. बल्बशेजारी हाच हिशेब चुकतो आणि कीटक गरगरत राहतो.

म्हणून घरात विषारी फवारा मारणं मला अजिबात पटत नाही. दिवा चालू असेपर्यंत नवे येतच राहतात आणि विष मात्र आपल्या स्वयंपाकघरात उरतं. अंधार पडल्यावर दोन तास बाहेरचे दिवे बंद ठेवावेत, खिडक्यांना जाळी लावावी, पांढऱ्याऐवजी पिवळा बल्ब वापरावा. आत आलेले झाडून साबणाच्या पाण्यात टाकावेत. हे भुंगेरे चावत नाहीत.

मात्र पावसाळ्यात दिव्यावर येणारा, मुंगीसारखा लांबट, नारिंगी-काळ्या पट्ट्यांचा छोटा किडा अंगावर बसला तर चिरडू नका, फुंकर मारून उडवा. त्याच्या अंगातलं पेडेरिन नावाचं विषारी द्रव्य त्वचेवर भाजल्यासारखे फोड आणतं. चुकून चिरडलाच तर जागा साबणानं धुवा आणि तोवर डोळ्यांना हात लावू नका.

शेत असेल तर हुमणीवरचं खरं काम अंगणाबाहेर आहे. पाऊस झाल्या दिवसापासून रोज रात्री आठच्या सुमारास बांधावरच्या कडुनिंबाच्या, बाभळीच्या फांद्या आकडीनं हलवायच्या आणि खाली पडलेले भुंगेरे रॉकेल मिसळलेल्या पाण्यात टाकायचे. घरापासून लांब, पाण्याच्या घमेल्यावर टांगलेला बल्बही पुष्कळ भुंगेरे गोळा करतो. एक मादी साधारण ५० ते ६० अंडी घालते, पण मीलनानंतर काही दिवसांनी. तेवढ्या दिवसांत ती सापडली, तर ती अंडी शेतात पडतच नाहीत. एकट्यानं करून मात्र भागत नाही, कारण शेजारच्या बांधावरचे भुंगेरे उडून येतात. गावानं मिळून करावं. ऑगस्टमध्ये ऊस पिवळा पडू लागेपर्यंत अळी मुळांशी पोचलेली असते, आणि तिथवर औषध पोचवणं फार जड जातं.