तळणीच्या तेलावर चालणारी गाडी

वडे, भजी, शेव तळून उरलेल्या तेलापासून केलेल्या बायोडिझेलवर चालणारे वाहन. गाडी नेहमीचीच डिझेलची असते, बदलते ते टाकीतले इंधन. पेट्रोल गाडीला त्याचा उपयोग नाही; तिच्या वाट्याला मळीचे इथेनॉल येते, आणि ऊसवाल्या कोल्हापूर जिल्ह्याला ते काही नवे नाही.

कल्पना जुनी आहे. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात एक लहान डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवले होते. तरीही तेल थेट टाकीत ओतत नाहीत, कारण ते डिझेलच्या साधारण दहापट दाट असते. इंजेक्टरमधून त्याचा फवारा नीट उडत नाही, ते अर्धवट जळते आणि पिस्टनच्या रिंगा काजळीने चिकटतात. बायोडिझेल करणे म्हणजे मिथेनॉलच्या मदतीने हा दाटपणा घालवणे.

कच्चा माल : खासबागेची खाऊगल्ली, रंकाळ्याची चौपाटी, फरसाणाच्या भट्ट्या, मेस, कोल्हापूर शहरात तेलाला तोटा नाही. मात्र मिसळीवरची तर्री बघून इंधनाचे हिशेब मांडू नयेत. तिच्यात पाणी, मीठ आणि कांदा-लसूण चटणी एकजीव झालेली असते. ती पावाबरोबरच संपवावी. तांबड्या रश्श्याचेही तेच. शेवेच्या भट्टीतले तेल सर्वांत बरे, कारण तिथे कढईत सतत ताजी भर पडते. भज्यांच्या कढईत पिठाचा चुरा जळत राहतो आणि तेलातले आम्ल वाढते. १ जुलै २०१८ पासून एकूण ध्रुवीय संयुगे (तेल पुन्हापुन्हा तापून खराब होताना त्यात तयार होणारे घटक) २५ टक्क्यांवर गेलेले तेल खाण्यासाठी वापरण्यास मनाई आहे. असे काळे तेल स्वस्तात दुसऱ्या गाड्यावर जाऊ नये म्हणून अन्नसुरक्षा प्राधिकरणाने त्याच वर्षी ते बायोडिझेलकडे वळवण्याचा ‘रुको’ उपक्रम सुरू केला.

कृती : तेल कोमट करून मलमलीतून गाळतात, मग ११०–१२० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून पाणी उडवतात. तापल्या तव्यावर दोन थेंब टाकावेत. तडतडले तर पाणी अजून आहे. यानंतरची, कॉस्टिक सोडा किती घालायचा ते ठरवणारी आम्लाची चाचणी कंटाळा म्हणून वगळली जाते आणि सगळा घाणा तिथेच बिघडतो. १० मिलि आयसोप्रोपिल अल्कोहोलात १ मिलि तेल आणि फिनॉल्फ्थॅलीन या रंगदर्शकाचे दोन-तीन थेंब घेतात. दुसरीकडे १ लिटर शुद्ध पाण्यात १ ग्रॅम कॉस्टिक सोडा विरघळवून ते द्रावण त्यात थेंबथेंब सोडतात. गुलाबी रंग अर्धा मिनिट टिकला की थांबायचे. जितके मिलि द्रावण लागले, तितके ग्रॅम सोडा दर लिटर तेलामागे ३.५ ग्रॅमच्या मूळ मात्रेत मिळवायचा. २ मिलि लागले तर ५.५ ग्रॅम. आकडा ५ च्या पुढे गेला तर ते तेल साबण करणाऱ्याला देणे शहाणपणाचे.

हा सोडा लिटरमागे २०० मिलि मिथेनॉलात विरघळवतात आणि ५५ अंशांच्या तेलात मिसळून बंद भांड्यात तासभर ढवळतात. मिथेनॉल ६५ अंशांच्या आतच उकळते, म्हणून आच त्यापुढे नको. त्याची वाफ विषारी, ज्योत दिवसा जवळजवळ न दिसणारी. स्वयंपाकघर आणि गॅसची शेगडी ही त्याची जागा नव्हे. ॲल्युमिनियमचे पातेलेही नको, ते सोडा खातो. रात्रभर ठेवल्यावर तळाशी काकवीसारखे गडद ग्लिसरीन बसते. ते काढून वरचे इंधन कोमट पाण्याने, निथळ स्वच्छ येईपर्यंत धुतात आणि वाळवतात. बरणीपलीकडचे वर्तमानपत्र वाचता आले की काम झाले. १५ किलोचा डबाभर जळके तेल घेतले तर सुमारे १४ लिटर इंधन मिळते. लिटरला १४ किलोमीटर देणारी जीप तेवढ्यात कोल्हापुराहून निघून सातारा ओलांडते, पुणे मात्र गाठत नाही. ग्लिसरीनमध्ये मिथेनॉल आणि सोडा उरलेला असतो, ते गटारातून पंचगंगेला पाठवू नये.

बिघाड : धुताना दुधट साय धरली आणि थर सुटेनात, तर तेलात पाणी होते किंवा सोडा जास्त पडला, साबण तयार झालेला असतो. जुन्या वडाप (प्रवासी भरून नेणाऱ्या) जीपमध्ये पहिल्या काही दिवसांत फिल्टर तुंबतो. दोष इंधनाचा नव्हे, टाकीत वर्षानुवर्षे बसलेला गाळ ते सोडवते. जादा फिल्टर जवळ ठेवावा. नैसर्गिक रबराच्या नळ्या फुगून पाझरतात, त्या व्हिटॉन या इंधनाला टिकणाऱ्या कृत्रिम रबराच्या घालाव्या लागतात. पामतेलाचे बायोडिझेल १३–१६ अंशांनाच गढूळ होऊ लागते, त्यामुळे डिसेंबरातल्या पहाटे गगनबावड्याकडे निघालेली गाडी आचके देते. २० टक्के बायोडिझेल आणि बाकी डिझेल असे मिश्रण केल्यास हा त्रास पुष्कळ कमी होतो. बीएस-६ या प्रदूषण मानकाच्या नव्या गाड्यांपासून मात्र घरगुती इंधन लांबच ठेवावे. त्यांची काजळीची गाळणी साफ होताना जादा इंधन फवारले जाते. बायोडिझेल सहज उडून जात नाही, ते इंजिन ऑइलमध्ये उतरून ते पातळ करते.

शुद्ध बायोडिझेलवर लिटरमागे ऊर्जा सुमारे ८ टक्के कमी मिळते. धुराला तळणाचा वास येऊ शकतो, आणि सिग्नलला मागे थांबलेल्या दुचाकीस्वाराला लागणारी भूक प्रदूषणाच्या कोणत्याही मानकात धरलेली नाही. विक्रीच्या शुद्ध बायोडिझेलला आयएस १५६०७ हे मानक लागू आहे. बरणीतून वर्तमानपत्र वाचण्याची परीक्षा तिथे चालत नाही.