फ्लॅटला तडे, गच्ची गळते: बिल्डरविरुद्धचा अर्ज नेमका कुठे अडतो

पावसाळा लागला की नागपुरात नव्या स्कीममधल्या गळक्या गच्च्यांचं गाऱ्हाणं सुरू होतं. काळ्या मातीवर पाया नीट घेतला नसेल तर उन्हाळ्यात भिंतींना तिरपे तडेही जातात. तक्रार खरी असते, तरीही माणसं रिकाम्या हाती परततात. कारण बहुतेक वेळा एकच असतं: तारीख सिद्ध होत नाही.

रेरा कायद्याचं (बिल्डर आणि घर खरेदीच्या व्यवहारांवर नियंत्रण ठेवणारा कायदा) कलम 14(3) सांगतं की ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत दोष बिल्डरच्या निदर्शनास आणून दिला, तर त्याने तो 30 दिवसांत, एक पैसाही न घेता दुरुस्त करून द्यायचा. नाही दिला तर भरपाई मागता येते. फक्त पिलर-स्लॅबच नाही, कामाचा दर्जा आणि करारात कबूल केलेल्या सोयीही यात येतात.

पाच वर्षं ताब्यापासून मोजायची. रजिस्ट्रीपासून नाही, फ्लॅटधारकांची असोसिएशन झाल्यापासून तर नाहीच. आणि ताबापत्र कुणाकडेच नसतं! बिल्डरने किल्ल्या दिल्या, वास्तुपूजा झाली, कागद मागायचं कुणाला सुचलं नाही. अशा वेळी विक्रीपत्रातला ताब्याचा उल्लेख, वीजमीटर नावावर झाल्याची तारीख, मेंटेनन्सची पहिली पावती, यातले निदान दोन पुरावे एकत्र लावा. गच्ची, लिफ्ट, टाकी अशा सामाईक गोष्टींसाठी इमारतीत सर्वांत आधी ज्याला ताबा मिळाला त्याची तारीख धरून चाला, म्हणजे वाद उरणार नाही.

दुसरा घोळ नोटिशीचा. साइटवरच्या सुपरवायझरला तोंडी सांगितलं, तो माणूस पाठवून तड्यात पुट्टी भरून रंग मारून गेला, पुढच्या पावसात तडा पुन्हा उघडला, आणि यातच वर्षं निघून गेली. कागदावर काहीच नाही. कृपा करून पहिल्याच गळतीला लेखी नोटीस द्या: कुठे, काय, कधीपासून, सोबत फोटो. करारातल्या पत्त्यावर स्पीड पोस्टने पाठवा, ईमेलही करा आणि पोहोच जपून ठेवा. स्वखर्चाने वॉटरप्रूफिंग करायचंच असेल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरचा अहवाल घ्या. एकदा झाकलेला दोष नंतर दाखवता येत नाही. घरात भिंत पाडली असेल किंवा बाथरूम हलवलं असेल तर बिल्डर तेच कारण पुढे करणार, म्हणून दोषाचा त्या बदलाशी संबंध नाही हे अहवालात लिहून घ्या.

नागपुरात आणखी एक अडचण फार दिसते. इथे लहान प्लॉटवरच्या स्कीम पुष्कळ. जमीन 500 चौरस मीटरपेक्षा जास्त नसेल किंवा फ्लॅट आठपेक्षा जास्त नसतील तर महारेराची (रेरा कायद्याखालचं महाराष्ट्राचं प्राधिकरण) नोंदणी सक्तीची नाही, त्यामुळे तिथे तक्रार करण्याआधी संकेतस्थळावर प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक शोधा. तो नसेल तर 1963चा मोफा कायदा (फ्लॅटच्या मालकीबाबतचा महाराष्ट्राचा जुना कायदा) पाहायचा, त्यात मुदत तीनच वर्षं. ग्राहक आयोगाचा रस्ताही आहे, पण तिथे तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत जावं लागतं. फ्लॅटसाठी दिलेली रक्कम 50 लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, त्यावर दोन कोटींपर्यंत राज्य आयोग. 'पाच वर्षं आहेत की' म्हणून निवांत बसलेले इथेच फसतात.

महारेराकडे अर्ज ऑनलाइन होतो, शुल्क 5,000 रुपये. दुरुस्ती करून हवी असेल तर प्राधिकरणाकडे, भरपाई हवी असेल तर न्यायनिर्णय अधिकाऱ्याकडे. दोन्ही मागण्या एका अर्जात कोंबू नका. करारनामा, पैसे भरल्याच्या पावत्या, ताब्याचा पुरावा, नोटीस व पोहोच, इंजिनिअरचा अहवाल एवढं जोडा.

असोसिएशनच्या वतीने अर्ज असेल तर ठराव लागतो. बिल्डरने डीड ऑफ डिक्लेरेशन (असोसिएशन होण्यासाठी बिल्डरने आधी नोंदवायचा दस्त) रखडवलं म्हणून असोसिएशनच झाली नसेल, तरी थांबू नका. कायद्याने एकट्या फ्लॅटधारकालाही तक्रार करता येते, सामाईक गच्चीसाठीसुद्धा.