सर्दीची गोळी काउंटरमागे कशी गेली

नाक चोंदल्यावर घ्यायची सुडोइफेड्रिनची गोळी अमेरिकेत आजही दुकानाच्या मांडणीवरून उचलता येत नाही. ओळखपत्र दाखवायचे, सही करायची, मगच केमिस्ट ती काउंटरमागून काढून देतो. सुडोइफेड्रिन आणि मेथॲम्फेटामिन ऊर्फ मेथ हा नशेचा पदार्थ यांच्या रेणूंत फरक फक्त एका ऑक्सिजन अणूचा, म्हणजे एकापासून दुसरे बनवता येते. सगळे दुखणे तिथेच आहे.

हे कुणाला ठाऊक नव्हते असे नाही. डीईए या अमली पदार्थविरोधी केंद्रीय यंत्रणेतल्या जीन हेस्लिप यांनी १९८६ मध्येच अशा रसायनांवर नियंत्रण सुचवले होते. औषध कंपन्यांनी आपले वजन वापरले आणि १९८८ च्या कायद्यातून तयार गोळ्या वगळल्या गेल्या. पुढे मिसुरी, ओक्लाहोमाकडच्या घरांत, शेडांत, अगदी गाड्यांतही मेथ बनू लागले. कच्चा माल कोपऱ्यावरच्या दुकानातला.

२६ डिसेंबर २००३ ला ओक्लाहोमाचे राज्य पोलीस निक ग्रीन यांना रस्त्याकडेला मेथ बनवणाऱ्या माणसाने गोळ्या घालून मारले. केंद्राने जे इतकी वर्षे टाळले, ते या राज्याने चार महिन्यांत केले. एप्रिल २००४ मध्ये गव्हर्नर ब्रॅड हेन्री यांनी सही केलेल्या कायद्याला ग्रीन आणि कर्तव्यावर असताना प्राण गमावलेले आणखी दोन पोलीस यांची नावे आहेत. गोळ्यांची विक्री फक्त फार्मसीतून, ओळखपत्र आणि सही सक्तीची, ३० दिवसांत ९ ग्रॅमची मर्यादा. राज्यातल्या घरगुती भट्ट्या झपाट्याने घटल्या, तशी इतर राज्यांनी नक्कल केली. २००६ मध्ये केंद्राचा कायदाही त्याच धर्तीवर आला. ओरेगॉन (२००६) आणि मिसिसिपी (२०१०) यांनी तर डॉक्टरांची चिठ्ठीच सक्तीची केली.

कंपन्यांनी दरम्यान सुडोइफेड्रिनऐवजी फेनिलेफ्रिन घातलेल्या गोळ्या बाजारात आणल्या. तोंडाने घेतलेले फेनिलेफ्रिन चोंदलेल्या नाकावर चालतच नाही, असे अमेरिकी औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीने २०२३ मध्ये एकमताने सांगितले. आपल्याकडच्या अनेक सर्दीच्या गोळ्यांतही तेच असते, हे जाता जाता.

मेथ बनवणाऱ्यांनीही वाट काढली. दहा जणांना दहा दुकानांत पाठवून थोडीथोडी पाकिटे जमवायची, आणि माल भट्टीऐवजी प्लास्टिकच्या बाटलीत करायचा. मग गोळ्यांच्या विक्रीच्या इलेक्ट्रॉनिक नोंदी आल्या. पण तोवर बाजार मेक्सिकोतल्या टोळ्यांच्या हाती गेला होता, आणि सुडोइफेड्रिनवर तिथे बंदी आल्यावर त्यांनी वेगळ्याच रसायनापासून मेथ बनवायला घेतले. राज्यांच्या कायद्यांनी भट्ट्या विझवल्या, व्यसन नाही. जानेवारी २०२२ पासून ओरेगॉन आणि मिसिसिपी दोघांनीही चिठ्ठीची सक्ती मागे घेतली, ओळखपत्राची राहिली.