तलंग अंड्यावर येणे

कोंबडीची मादी पहिले अंडे घालण्याच्या बेतास आली, की ‘तलंग अंड्यावर आली’ असे म्हणतात. तलंग या शब्दाची व्याप्ती सर्वत्र सारखी नाही. खेड्यात अंगाने भरलेली, पण अजून अंडे न घातलेली मादी ती तलंग. पहिले अंडे पडले की ती कोंबडी. महाराष्ट्र शासनाच्या कोंबड्यांच्या गटवाटप योजनेत (एका गटात २५ माद्या व ३ नर) मात्र ८ ते १० आठवड्यांच्या माद्यांनाही तलंगा म्हटले जाते. या नोंदीत पहिला अर्थ घेतला आहे.

व्हाइट लेगहॉर्नपासून तयार केलेले अंड्यांचे संकर साधारणपणे १८ ते २० आठवड्यांत अंड्यावर येतात. गावठी तलंगेला बहुधा सहा महिने लागतात, खाणे बेताचे असल्यास त्याहूनही अधिक.

तुरा वाढून लालभडक होणे हे सर्वांत परिचित लक्षण. मादीचे सहसा डावेच अंडाशय कार्यक्षम असते. त्यातून स्रवणाऱ्या पुंप्रेरकांमुळे (नर-संप्रेरकांमुळे) तुरा आणि चोचीखालचे लोलक फुलतात, तर स्त्रीप्रेरकांमुळे (मादी-संप्रेरकांमुळे) अंडवाहिनी वाढते. पण ही खूण सर्व जातींना लागू पडत नाही. मध्य प्रदेशातील झाबुआकडील कडकनाथचा तुरा मुळात काळसर, आणि असीलचा इतका बुटका की त्यावरून फारसे काही ठरवता येत नाही.

त्यामानाने जघनास्थींची (गुदद्वाराजवळच्या दोन हाडांची) चाचणी अधिक भरवशाची. पक्षी काखेत धरून गुदद्वाराच्या दोन्ही बाजूंची हाडांची टोके चाचपावीत. कोवळ्या तलंगेत ती ताठ असून त्यांत जेमतेम एक बोट मावते. अंड्यावर आलेलीत ती लवचिक होऊन दोन-तीन बोटांचे अंतर पडते. गुदद्वारही आधी कोरडे, आवळलेले असते, ते रुंद व ओलसर होते. या मोजणीचा पद्धतशीर प्रसार विसाव्या शतकाच्या आरंभी कॅलिफोर्नियातील पेटलुमा येथील वॉल्टर होगन यांनी केला. सकाळी डालगे उघडण्यापूर्वी बायका कोंबडी चाचपतात, ती गोष्ट वेगळी. त्या चाचपणीने आज अंडे आहे की नाही एवढेच कळते.

वयात येण्यास नेमके कारण काय, यावर मतभेद आहेत. दिवसाच्या लांबीला महत्त्व देणारा पक्ष जुना. फ्रेंच शास्त्रज्ञ झाक बन्वा यांनी १९३० च्या दशकात डोळे काढलेल्या बदकांवर प्रयोग केले. प्रकाश दिल्यावर त्यांचीही जननेंद्रिये वाढली. म्हणजे पक्ष्यांत प्रकाश कवटीतून थेट मेंदूतील अधोथॅलॅमसपर्यंत, म्हणजे जननसंप्रेरकांचे नियंत्रण करणाऱ्या भागापर्यंत, पोहोचतो. वाढत्या दिवसांत वाढलेल्या तलंगा लवकर आणि घटत्या दिवसांत वाढलेल्या उशिरा अंड्यावर येतात, हेही सर्वमान्य आहे. दुसरा पक्ष शरीराच्या वजनावर व चरबीवर भर देतो. खाद्य मर्यादित ठेवलेल्या मांसल जातींच्या माद्या उशिरा वयात येतात, हा त्याचा मुख्य आधार. रोजच्या प्रकाशाचा काळ स्थिर ठेवला तरी तलंगा अखेर अंड्यावर येतातच. त्यामुळे वय व वजन ही पूर्वअट आणि प्रकाश हा वेळ पुढेमागे करणारा घटक, असे मानणे अधिक सयुक्तिक दिसते. महाराष्ट्रात सर्वांत लहान व सर्वांत मोठ्या दिवसांत अंतर दोन-अडीच तासांचेच असल्याने परसातल्या पक्ष्यांत हा परिणाम युरोपातल्याइतका ठळक नसावा.

पहिल्या अंड्याच्या साधारण दहा ते चौदा दिवस आधी मांडीच्या व इतर लांब हाडांच्या पोकळीत कॅल्शियमचा साठा म्हणून नवे अस्थिऊतक तयार होऊ लागते. एका कवचाला सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम लागते. या सुमारास शिंपल्यांचा चुरा समोर ठेवल्यास तलंग तो हावरेपणाने टिपते.

पाठीवर हात ठेवताच पंख किंचित पसरून दबून बसणे, ही नराला स्वीकारण्याची मुद्रा; ती दिसल्यावर बहुधा आठवड्या-दोन आठवड्यांत अंडे येते. तलंग करकरत हिंडते, टोपलीत डोकावते, गवताच्या गंजीखाली किंवा माळ्यावर जागा उकरते. तिला जागा दाखवण्यासाठी टोपलीत एक अंडे ठेवून देण्याची रीत आहे.

पहिली अंडी लहान असतात. काही बिनबलकाची, काही मऊ कवचाची निघतात.