हेवी मेटलमधील धार्मिक फसवणुकीवरची टीका : पार्श्वभूमी

हेवी मेटल हा रॉक संगीताचा प्रकार म्हणजे सैतानाचे संगीत, हा आरोप इतका रुळला आहे की या गीतांतील धर्मावरची टीका निव्वळ देवनिंदा समजून बाजूला सारली जाते. प्रत्यक्षात यातील सर्वांत धारदार गीतांचा रोख देवावर नसून देवाच्या नावाने पैसा उकळणाऱ्यांवर आहे. बर्मिंगहॅमच्या ब्लॅक सॅबथ या बँडचे १९७१ मधील ‘आफ्टर फॉरएव्हर’ हे गीत तर श्रद्धेची बाजू घेते. ते लिहिणारा गीझर बटलर कॅथलिक घरात वाढला होता.

या टीकेला खरे खाद्य मिळाले ते अमेरिकेत. तेथील दूरचित्रवाणी केंद्रे लोकसेवेचा भाग म्हणून प्रमुख चर्चना विनामूल्य वेळ देत असत. परंतु धर्मोपदेशकांनी विकत घेतलेली वेळही लोकसेवेतच धरली जाईल, असे तेथील संघीय दळणवळण आयोगाने १९६० मध्ये मान्य केल्यावर फुकट वेळ देण्याचे कारणच उरले नाही. मग वेळ विकत घ्यायला पैसा, पैशासाठी प्रेक्षकांपुढे पदर पसरणे आणि अधिक प्रेक्षक मिळावेत म्हणून आणखी वेळ विकत घेणे, असे चक्र सुरू झाले. सत्तरच्या दशकाअखेर उपग्रह प्रक्षेपण आले आणि त्याचा वेग वाढला. १९८७ च्या आरंभी तर दूरचित्रवाणीवरचे धर्मोपदेशक ओरल रॉबर्ट्स यांनी, ८० लाख डॉलर जमले नाहीत तर देव आपल्याला बोलावून घेईल, असे भक्तांना जाहीरपणे सांगितले.

मेटॅलिका या अमेरिकन बँडचे ‘लेपर मसाया’ हे गीत मार्च १९८६ मधले, म्हणजे या प्रकारांचा बभ्रा होण्यापूर्वीचे आहे, हे मुद्दाम नोंदवायला हवे. देणगी पाठवा, स्वर्गात चांगली जागा मिळेल, असे त्यातला उपदेशक सांगतो. पुढच्याच वर्षी अशाच एका उपदेशकाचे, जिम बेकर यांचे, प्रकरण बाहेर आले. साउथ कॅरोलायनातील आपल्या धार्मिक संकुलात दरवर्षी तीन रात्री राहण्याचा आजीवन हक्क त्यांनी हजार डॉलरला, आणि खोल्यांत मावतील त्याहून कितीतरी अधिक लोकांना विकला होता. १९८९ मध्ये त्यांना ४५ वर्षांची शिक्षा झाली. ती पुढे बरीच कमी करण्यात आली.

रॉक संगीतावर सर्वाधिक आग पाखडणारे दूरचित्रवाणी उपदेशक जिमी स्वॅगर्ट २१ फेब्रुवारी १९८८ रोजी आपल्या पापाची कबुली देत कॅमेऱ्यासमोर रडले. त्यांच्या टीकेचा धनी झालेल्या गायक ऑझी ऑस्बॉर्नने त्याच वर्षी ‘मिरॅकल मॅन’मधून त्यांना उत्तर दिले. त्यात सूडाचा आनंद आहे, आणि तो मला समजू शकतो. अँथ्रॅक्स, आयर्न मेडन आणि सुइसायडल टेंडन्सीज या बँडचीही या विषयावरची गीते १९९० पर्यंत आली. पण त्यांचे लक्ष्य तोवर उघडे पडलेले होते.

याच काळात टीकेचा रोख पैशाकडून, श्रद्धेने आजार बरा होतो या समजाकडे वळला. फ्लोरिडातील डेथ या बँडच्या १९९० मधील अल्बमचे नावच ‘स्पिरिच्युअल हीलिंग’ (आध्यात्मिक उपचार) होते. मात्र या विषयाच्या गाभ्याला हात घातला तो मेटॅलिकाच्या जेम्स हेटफील्डने, १९९१ मधील ‘द गॉड दॅट फेल्ड’ या गीतात. त्याचे आईवडील ख्रिश्चन सायन्स पंथाचे होते आणि औषधोपचाराऐवजी प्रार्थनेवर विसंबण्याची या पंथाची शिकवण आहे. शाळेत आरोग्याचा तास सुरू झाला की घरच्यांच्या इच्छेनुसार त्याला वर्गाबाहेर थांबावे लागे. १९८० मध्ये त्याची आई कर्करोगाने गेली, तेव्हा तो सोळा वर्षांचा होता. म्हणूनच या गीतात ना कोणी उपदेशक आहे ना देणगीची मागणी. आहे तो औषधाला नकार देणारा विश्वास, आणि तो विश्वास ठेवणाऱ्या माणसाबद्दलचा, अकरा वर्षांनंतरही न शमलेला राग.