पाणी घटते, मैला घटत नाही

दुष्काळाच्या बातम्यांत धरण दिसते, भेगाळलेला तळ दिसतो, टँकरमागची रांग दिसते. मॅनहोलचे झाकण उघडून आत काय चालले आहे, ते कुणी दाखवत नाही. अनेक गावांना एकाच प्रादेशिक योजनेतून पाणी देणाऱ्या यंत्रणेला मात्र दोन्ही टोके सांभाळावी लागतात. नळाला सोडलेल्या पाण्यातले साधारण ८० टक्के सांडपाणी होऊन परत येते. नळाचे पाणी निम्मे केले की सांडपाणीही निम्म्यावर येते, पण त्यातला मैला तेवढाच राहतो. दुष्काळात मलवाहिन्यांच्या बाजूला जे काही बिघडते, त्याचे मूळ या साध्या हिशेबात आहे.

आधी साठ्याकडे पाहू. धरणातले सगळे पाणी आपले नसते. सर्वांत खालच्या दरवाजाच्या पातळीखालचा भाग म्हणजे मृत साठा; तो आपोआप बाहेर येत नाही. समजा, उपयुक्त साठा १२ दशलक्ष घनमीटर आहे आणि रोजचा उपसा ८० हजार घनमीटर. भागाकार केला तर १५० दिवस पुरेल असे वाटते. पण जलाशय ४०० हेक्टरांवर पसरलेला असेल आणि उन्हामुळे रोज ६ मिलिमीटर पाणी उडून जात असेल, तर बाष्पीभवनच २४ हजार घनमीटरचे होते. म्हणजे १५० दिवसांचे ११५ झाले. पाणी ओसरते तसा पसारा आकसतो आणि बाष्पीभवनही घटते, त्यामुळे प्रत्यक्षात थोडे दिवस जास्त मिळतात. तरी नियोजन ११५ वरच करावे.

कपात १०० दिवस १० टक्के केली काय किंवा ५० दिवस २० टक्के केली काय, वाचणारे पाणी सारखेच. लोकांना होणारा त्रास मात्र सारखा नसतो. पहिले १० टक्के गळती, बागा, गाड्या धुणे यांतून निघू शकतात. पुढचे १० टक्के अंघोळीतून आणि कपड्यांतून काढावे लागतात. म्हणून पायऱ्या आधीच कागदावर हव्यात: साठा इतक्या दिवसांवर आला की काय बंद, कोणत्या गावाचा वाटा किती, उद्योगांना कधी तोडायचे. ही भांडणे धरण भरलेले असतानाच मिटवलेली बरी. दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाउनने २०१८ मध्ये अशा पायऱ्या जाहीर केल्या होत्या. १ फेब्रुवारीपासून माणशी दिवसाला ५० लिटरची मर्यादा आली, आणि धरणे १३.५ टक्क्यांवर आली की घरांचे नळ बंद करून ठरावीक केंद्रांवर माणशी २५ लिटर द्यायचे ठरले. तो दिवस आला नाही. नागरिकांनी वापर कमी केला हे खरेच, पण शहराने जलवाहिन्यांतला दाब पद्धतशीरपणे उतरवला याचाही त्यात मोठा वाटा होता. दाबाकडे पुढे येऊच.

पातळी खाली गेली की पाण्याची जातच बदलते. खोल जलाशयाच्या तळाशी प्राणवायू जवळजवळ नसतो. तिथल्या गाळातले लोह आणि मँगनीज विरघळून पाण्यात उतरतात. पाणी पंपाने उचलून क्लोरीन दिला की मँगनीज हळूहळू काळे होते आणि नळाला चहाच्या रंगाचे पाणी येते, कपड्यांवर डाग पडतात. उथळ, कोमट पाण्यात शेवाळ माजते. त्यातले जिओस्मिन नावाचे द्रव्य लिटरमागे १० नॅनोग्रॅम असले तरी पाण्याला मातीचा वास येतो, आणि तो क्लोरीनने जात नाही. त्यासाठी सक्रिय कोळशाची पूड लागते, बहुधा लिटरमागे १० ते ३० मिलिग्रॅम, आणि ती क्लोरीनच्या आधी, दोहोंत अंतर ठेवून द्यावी लागते. एकत्र दिली तर कोळसा क्लोरीनच खाऊन टाकतो. तुरटीची मात्राही कालचीच आज चालेल असे नाही. जार टेस्ट, म्हणजे भांड्यांत वेगवेगळी मात्रा घालून पाहणे, रोज, आणि गढूळपणा झपाट्याने बदलत असेल तर प्रत्येक पाळीत करावी. पाण्यात अमोनिया वाढला असेल, तर त्यातल्या प्रत्येक मिलिग्रॅम नत्रामागे ८ ते १० मिलिग्रॅम क्लोरीन लागतो. त्यानंतरच खरा मुक्त क्लोरीन शिल्लक दिसू लागतो. दुष्काळात क्लोरीनचा साठा अचानक संपतो त्याचे एक कारण हे. मृत साठा उचलायला तराफ्यावरचे पंप किंवा जॅकवेलपर्यंत (पंप बसवलेल्या विहिरीपर्यंत) खोदलेला चर लागतो. या दोन्ही गोष्टी पाणी दरवाजाखाली जाण्यापूर्वी तयार हव्यात, कारण नंतर चिखलात यंत्र उतरत नाही.

आता दाब. पाइपाला ६ मिलिमीटरचे गोल छिद्र आहे आणि दाब ३० मीटर, म्हणजे ३० मीटर उंचीच्या पाण्याइतका आहे, तर त्यातून दिवसाला सुमारे ३५ हजार लिटर पाणी जाते. दाब १५ मीटरवर आणला तर ते २५ हजारांवर येते. छिद्र बुजवलेले नाही, रस्ता खोदलेला नाही, तरी १० हजार लिटर वाचले. प्लॅस्टिकच्या पाइपाला लांबट चीर असेल तर फायदा याहून मोठा, कारण दाबाबरोबर चीरही उघडत-मिटत असते. यासाठी झोनच्या, म्हणजे एकाच ठिकाणाहून पाणी मिळणाऱ्या भागाच्या, तोंडाशी दाब कमी करणारा व्हॉल्व्ह आणि मीटर बसवतात. झोन ५०० ते ३००० जोडण्यांचा असला तर आवाक्यात राहतो. रात्री २ ते ४ या वेळेत मीटरमधून जाणारे पाणी मोजायचे. लोक झोपलेले असताना जे वाहते त्यातले बहुतेक गळतीचे. मग एकेक गल्लीचा व्हॉल्व्ह क्रमाने बंद करत जायचे. ज्या व्हॉल्व्हला आकडा धाडकन उतरतो, त्या गल्लीत कानकाठी घेऊन ऐकायला बसायचे. यात एक फसगत नेहमी होते. घरोघरी गच्चीवर टाक्या असतील तर त्या रात्रीच भरतात आणि गळती आहे त्याहून मोठी दिसते. टाक्या भरून झाल्यावरच मोजणी घ्यावी.

दाब कमी करणे वेगळे आणि पाइप रिकामा करणे वेगळे. एक दिवसाआड पाणी हा दुष्काळातला सर्वांत लोकप्रिय उपाय आहे, आणि आमच्या मते शेवटचा असायला हवा. पाणी बंद झाले की उताराच्या भागातून पाइप रिकामा होतो, आत निर्वात पोकळी तयार होते आणि प्रत्येक गळका सांधा बाहेरचे पाणी आत ओढू लागतो. शेजारून मलवाहिनी जात असेल तर ओढले जाणारे पाणी कसले, हे सांगायला नको. पुन्हा पाणी सोडले की आधी कोंडलेली हवा सुटते. ती मीटरचे काटे फिरवते, ग्राहक हवेचे पैसे भरतो. ताठ पाइपात वाहते पाणी सेकंदाला १ मीटर वेगावरून एकदम थांबले, तर सुमारे १०० मीटर उंचीच्या पाण्याइतका धक्का बसतो, आणि जुने सांधे फुटतात. शिवाय लोक नळ उघडे ठेवून वाट पाहतात, मिळेल ते भरून घेतात आणि पुढच्या पाळीला शिळे म्हणून ओतून देतात. सखल भागाला भरपूर आणि टेकडीवरच्या शेवटच्या टोकाला ठणठणाट, ही तक्रारही याच पद्धतीतून येते. आलटून-पालटून पाणी द्यावेच लागले तर व्हॉल्व्ह हळू उघडावा, भरताना पाण्याचा वेग सेकंदाला ०.३ मीटरच्या वर जाऊ देऊ नये, उंचवट्यांवरचे एअर व्हॉल्व्ह आधी तपासावेत, पहिले गढूळ पाणी टोकाच्या वॉशआउटमधून (पाइप धुऊन काढायच्या तोंडातून) काढून टाकावे आणि शेवटच्या नळाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन मिळतो का ते पाहावे.

टँकर आणि रेल्वे हा जीव वाचवण्यापुरता मार्ग. २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याच्या गाड्या गेल्या. ५० वाघिणींची एक फेरी २५ लाख लिटरांची. जवळपास ४ लाख लोकवस्तीला ते माणशी ६ लिटरांच्या आसपास पडते. आणीबाणीतली किमान गरज माणशी १५ लिटर धरतात, त्यावरून अंदाज यावा. १० हजार लिटरच्या टँकरला लिटरमागे २ मिलिग्रॅम क्लोरीन द्यायचा तर २० ग्रॅम क्लोरीन लागतो, म्हणजे ३३ टक्के ताकदीची ताजी ब्लिचिंग पावडर ६० ग्रॅम. उघड्या पोत्यातली पावडर २५ टक्क्यांवर आली असेल तर ८० ग्रॅम. पावडर बादलीत कालवून, चुना खाली बसू देऊन वरचे निवळ टाकावे, आणि तेही टँकर भरताना, म्हणजे ढवळणे आपोआप होते. अर्ध्या तासाने किमान ०.५ मिलिग्रॅम उरला तर ठीक, नाहीतर मात्रा वाढवायची.

आता मॅनहोलचे झाकण उघडू. मलवाहिनी उतारावर वाहते आणि दिवसातून एकदा तरी सेकंदाला ०.६ मीटर वेग मिळेल या हिशेबाने घातलेली असते. त्याने रेती आणि मैला पुढे ढकलला जातो. पाणी निम्मे झाले की हा वेग मिळेनासा होतो, विशेषतः ओळीच्या सुरुवातीच्या लहान पाइपांत, जिथे जेमतेम दहा-वीस घरे जोडलेली असतात. तेल-चरबी घट्ट होते, ओले वाइप आणि चिंध्या त्यात अडकतात. त्याच वेळी ओलाव्याच्या शोधातल्या झाडांची मुळे सांध्यांतून आत शिरतात आणि सुकून आकसणारी चिकणमाती पाइपांना भेगा पाडते. तुंबलेल्या मलवाहिन्यांच्या तक्रारी कोरड्या वर्षात वाढतात त्या यामुळे. जेटिंगला, म्हणजे जोरदार फवाऱ्याने मलवाहिनी धुण्याला, शुद्ध केलेले सांडपाणी वापरावे. पिण्याच्या पाण्याने गटार धुणारी गाडी दुष्काळात रस्त्यावर दिसली तर लोकांनी काय म्हणावे?

साचलेल्या मैल्यात प्राणवायू संपला की पाइपाच्या भिंतीवरच्या बुळबुळीत थरातले जिवाणू सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड बनवतात. हा वायू वर जातो, ओल्या छतावर दुसरे जिवाणू त्याचे सल्फ्युरिक आम्ल करतात, आणि काँक्रीटचे छत पिठासारखे भुसभुशीत होते. हे काम जिवाणूंचे आहे हे १९४५ मध्ये ऑस्ट्रेलियात, मेलबर्नच्या मलवाहिन्यांवरच्या संशोधनातून उघड झाले. वायू माणसालाही तितकाच घातक. सुरुवातीला सडक्या अंड्यासारखा वास येतो, पण हवेत दशलक्ष भागांत १०० भाग झाले की नाक बधिर होते. वास गेला म्हणजे वायू गेला असे समजून आत उतरणे हा मृत्यूचा सापळा आहे. माणसाला आत उतरवूच नये. काम यंत्रानेच करावे आणि झाकण उघडल्यावरही वायुमापक लावल्याशिवाय वाकू नये.

पंपाने ढकलणाऱ्या वाहिनीत हा प्रश्न तीव्र होतो, कारण ती पूर्ण भरलेली असते आणि हवा आत जातच नाही. ३०० मिलिमीटर व्यासाच्या २ किलोमीटर वाहिनीत सुमारे १४० घनमीटर सांडपाणी मावते. रोज १४०० घनमीटर येत असेल तर ते अडीच तासांत बाहेर पडते, ७०० वर आले तर जवळपास पाच तास मुरते. पंपाआधी सांडपाणी साठते त्या विहिरीतली पंप सुरू होण्याची पातळी खाली आणणे हा फुकटातला उपाय; त्याने निदान विहिरीत मुरणे घटते. पंप जास्त वेळा चालू-बंद होतात, तेव्हा मोटरला तासाला किती वेळा चालू होणे सोसते ते पाहूनच पातळी ठरवावी. ते पुरले नाही तर कॅल्शियम नायट्रेट, म्हणजे जिवाणूंना सल्फेटाऐवजी दुसरे खाद्य, किंवा सल्फाइडला बांधून टाकणारे लोहाचे क्षार.

शुद्धीकरण केंद्रात येणारे पाणी कमी झाले म्हणून काम कमी होत नाही. माणशी रोज ५० ग्रॅम बीओडी (मैला कुजवताना जिवाणूंना लागणारा प्राणवायू) धरली आणि सांडपाणी १५० लिटर असेल, तर लिटरमागे ३३३ मिलिग्रॅम. ७५ लिटर असेल तर ६६७. हवा द्यायची ती दिवसाला तेवढीच. कमी पाणी येतेय म्हणून ब्लोअर बंद करणारा ऑपरेटर आठवड्याभरात गाळ सडवून बसतो. उलट प्राथमिक टाक्यांपैकी एखादी बंद ठेवावी, कारण तिथे मैला जास्त वेळ थांबला की कुजून वर तरंगतो. अमोनियाचे प्रमाण वाढते, आणि त्यातल्या प्रत्येक मिलिग्रॅम नत्राचे नायट्रेट होताना ७.१४ मिलिग्रॅम अल्कता (आम्ल झेलण्याची पाण्याची ताकद) खर्च होते. पीएच घसरू लागला तर चुना किंवा सोडा द्यावा लागतो. बाहेर पडणारे पाणीही खारट होते. आणि ते पडते अशा नदीत, जिच्यात बऱ्याचदा तेवढेच पाणी वाहत असते. खालच्या गावाची जॅकवेल त्याच पाण्यावर असेल तर ही माहिती दोन गावांच्या अभियंत्यांनी एकमेकांना रोज द्यायला हवी. नामिबियाच्या विंडहुक शहराने तर नदीचा आडपडदाही ठेवलेला नाही: १९६८ पासून तिथे सांडपाणी अनेक टप्प्यांत शुद्ध करून थेट पिण्याच्या पाण्यात मिसळतात.

दुष्काळ संपतो तो दिवस सर्वांत वाईट ठरू शकतो. पहिल्या जोरदार पावसात पाणी मलवाहिन्यांत घुसते आणि महिनोन्‌महिने बसलेला गाळ एका तासात सुटून केंद्रावर आदळतो. जाळ्या तुंबतात, रेतीचे कक्ष भरतात. म्हणून मुख्य वाहिन्यांचे जेटिंग पाऊस येण्याच्या आधीच्या महिन्यात उरकायचे, सुरुवात शेवटच्या मॅनहोलपासून वरच्या दिशेने, आणि बाहेर निघालेला गाळ मॅनहोलच्या काठावर ठेवायचा नाही. पहिल्या सरीबरोबर तो परत आतच जातो.